मजकूर मंजुरीसाठी

१२ जून

ठोक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून बाजूला ठेवू नकोस. मागणं आहे, पण पैशाचं नाही.

आधी तुझ्या वेबसाइटवरच लिहून पाहिलं. तिथे खाली 'माझ्याशी बोला' अशी चौकट आहे. त्यात मी लिहिलं, "मी ताई. आईबद्दल काम आहे. फोन कर." डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. म्हटलं, बघा, शेवटी रक्ताचं नातं. उत्तर असं होतं : "तुमची गोष्ट आमच्यासाठी मोलाची आहे. पुढच्या कार्यशाळेच्या तारखा खाली दिल्या आहेत." म्हणून हे तिकीट लावलेलं पाकीट. हे निदान कोणाला तरी हाताने फोडावं लागेल.

पान मात्र झकास झालंय. फोटोत तू खिडकीबाहेर बघतोयस. बाहेर काय आहे ते दिसत नाही, पण तू इतक्या गंभीरपणे बघतोयस म्हणजे काहीतरी असणारच. वर तुझं नाव, त्याखाली 'लोकांना स्वतःची गोष्ट सांगायला शिकवतो', आणि मग 'माझ्याविषयी'. त्याची सुरुवात : "आई-वडील लहानपणीच गेले. मी अनाथ वाढलो. जो काही आहे तो स्वतःच्या हातांनी घडलो."

बाबा गेले तेव्हा तू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतास आणि तुला दाढी होती. पण ते सोड, बाबा काही हरकत घ्यायला येणार नाहीत. आई मात्र आत्ता आतल्या खोलीत बसून, चहा गार झाला म्हणून माझ्या नावाने शंख करतेय.

झालं असं. शाळेच्या मुख्याध्यापिका दाराची पाटी न्यायला आल्या होत्या. नाव गुंडाळून देत होते तेवढ्यात म्हणाल्या, "तुमच्या आडनावाचे एक वक्ते आहेत. वेबसाइटवर काय सुंदर लिहिलंय त्यांनी स्वतःबद्दल. तुमच्यापैकीच का?" आई स्टुलावर बसली होती. फुलली. "माझा मुलगा," म्हणाली. बाईंनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. "अक्षर छान आलंय," असं म्हणून निघून गेल्या. शहाण्या आहेत, शाळा उगाच चालवत नाहीत.

त्या गेल्या तशी आई म्हणाली, "वाच. काय लिहिलंय माझ्याबद्दल?"

तुला माहीत नसेल, काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले. तू शेवटचं पाहिलंस तेव्हा जाड भिंगांचा चष्मा तरी होता. आता त्याचीही कटकट नाही. मी मोबाइल उघडला, पहिलं वाक्य दिसलं आणि जीभ आपोआप वळली. मी वाचलं, "माझी आई पितळी पाट्यांत लाख भरायची. तिचे हात बघत मी मोठा झालो."

आई म्हणाली, "परत वाच."

तेव्हापासून रोज जेवण झालं की मी तुझं पान वाचते. तुझा मजकूर तीन ओळींचा आहे, माझा आता चांगला दीड परिच्छेद झालाय. तुला सांगते, तू फार छान लिहितोस हल्ली.

इथवर चाललं असतं. पण परवा आई म्हणाली, "ऐकलेलं हवेत जातं. मला ते बोटाने वाचायचंय. कोर त्याचं पान पितळेवर." तुला आठवत असेल तर आठव : बाबा अक्षरं कोरायचे, आई पत्रा तापवून त्यात काळी लाख भरायची. आयुष्यभर कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवल्यामुळे ती बोटाने वाचते, तुझ्या-माझ्या डोळ्यांपेक्षा भरभर. अजूनही दुकानातून बाहेर जाणारी प्रत्येक पाटी तिच्या बोटाखालून जाते.

आणि इथेच माझी पंचाईत झाली. दुकानाची पद्धत तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक मजकूर लिहून देणार, खाली 'मंजूर' लिहून सही करणार, मग छिन्नी लागणार. आपल्या पदरचा कानामात्रासुद्धा घालायचा नाही. तोंडाने मी रोज खोटं बोलते, त्याचं मला काही वाटेनासं झालंय. हाताने आजवर बोलले नाही.

म्हणून हे मागणं. पानावर एक ओळ टाक. 'आई आहे.' एवढंच. जागा कमी पडत असेल तर फोटोतली खिडकी थोडी लहान कर. तेवढं टाक आणि खाली मंजूर लिहून पाठव. मग मी कोरेन आणि ती वाचेल.

ताई


२ जुलै

ठोक्या,

तुझं उत्तर नाही.

आईने पत्रा निवडला. नखाने वाजवून वाजवून, दुकानातला सगळ्यात जाड. रोज विचारते, "मजकूर मंजूर होऊन आला का?" मी सांगते, तो कामात आहे. तिला उशिराचाही अभिमान आहे. "मोठा माणूस आहे तो. दहादा वाचेल, मगच सही करेल. तुझ्या त्या वकिलासारखा नाही."

तो वकील म्हणजे आमचं सध्याचं चालू काम. त्याच्या पदव्यांना नावापेक्षा दुप्पट पितळ लागलंय. त्याच्या आधी एक निवृत्त अधिकारी येऊन गेले, त्यांना 'निवृत्त' हा शब्द इतका बारीक हवा होता की वाचायला पोस्टमनने गुडघे टेकावेत. आणि एक नवरा आला होता, दारावरच्या पाटीवरून बायकोचं नाव काढून टाका म्हणून. मी म्हटलं, अहो, पितळेवरचं नाव पुसत नाही. सगळी पाटी घासावी लागते, म्हणजे तुमचं नावही पातळ होणार. त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "मग नवीनच करा." तेव्हा माणसं स्वतःविषयी काय लिहितात आणि काय गाळतात, हे तू मला शिकवायला नकोस. मी त्यावरच जेवते.

एक गंमत सांगते. वाचता वाचता एकदा मी स्वतःलाही आत घुसवलं. मोठं काही नाही, एकच ओळ. "माझ्या ताईने दुकान सांभाळलं, म्हणून मी शिकू शकलो." आई ऐकत होती. म्हणाली, "हे नाही लिहिलेलं त्याने. हे तू घातलंस." मी म्हटलं, "मग तुझ्याबद्दलचं?" तर म्हणते, "माझ्याबद्दलचं लिहिणारच तो." दुसऱ्या दिवशी मी स्वतःला काढून टाकलं. पितळ नव्हतं, त्यामुळे घासावं लागलं नाही.

डॉक्टर येऊन गेले. तिचं हृदय दमलंय म्हणाले. "काळजी घ्या" हे वाक्य त्यांनी माझ्याकडे नाही, चपला शोधत जमिनीकडे बघून म्हटलं. त्यावरून काय ते समज.

एक ओळ, ठोक्या. तू तर ओळींवरच पोट भरतोस.

ताई


२० जुलै

ठोक्या,

आधी तुझ्या मदतनीस मुलीविषयी. फार गोड बोलते. फोन केला आणि म्हणाली, "सरांना तुमची पत्रं मिळाली. आपण सरांच्या कोण?"

"बहीण."

"मॅडम, सरांना बहीण नाहीये."

"बरोबर आहे. पानावर नाहीये."

"नाही, म्हणजे..." तिचा आवाज इतका हळू झाला की मलाच तिची कीव आली. मी म्हटलं, "बाळा, तू नको त्रास करून घेऊस. सरांना सांग, ताईने हाक मारलीय." त्यानंतर तू फोन केलास. इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकून मी गप्प झाले, आणि तू समजलास की मला पटतंय. पटत नव्हतं. तेव्हा जे बोलले नाही ते आता लिहिते.

तू म्हणालास, "ताई, ती गोष्ट आता माझी राहिली नाही. लोक तिच्यावर जगतात. एक बाई मला म्हणाली की तुमचं अनाथपण वाचून मी आत्महत्येचा विचार सोडला. तिला मी आता काय सांगू, की आई आहे माझी, घरी पाट्यांत लाख भरते?"

सांग. कदाचित तिलाही तेवढंच बरं वाटेल.

तू म्हणालास, "सासरच्यांना तेच सांगितलंय, पुस्तक येतंय त्यातही तेच आहे. मध्येच मला आई कशी फुटेल?" हे वाक्य मी दुकानात उभी राहून ऐकलं आणि तुझी शपथ, हसू आलं. झाडाला पालवी फुटते तशी तुला आई फुटणार. उशीर झाला खरा.

तू विचारलंस, "तिला काय कळणार आहे? तू वाचतेस ते वाच ना. कोर तुला हवं ते." म्हणजे तुझ्या पानावर माझी आई मी माझ्या हाताने कोरायची, आणि सही तुझी नाही. तसल्या पाटीला आमच्याकडे काय म्हणतात तुला माहीत आहे. चोरीचं नाव.

आणि शेवटी तू म्हणालास, "बघतो काहीतरी." आईला मी तेवढंच सांगितलं. "ठोक्याचा फोन होता, बघतो म्हणाला." तिने विचारलं, "माझ्याशी नाही बोलला?" मी म्हटलं, "घाईत होता." ती म्हणाली, "असू दे. लिहिणाऱ्या माणसाचं बोलण्यात लक्ष नसतं."

बघ काहीतरी.

ताई


९ ऑगस्ट

ठोक्या,

मजकूर मिळाला. पान बदललेलंही पाहिलं. मदतनीस मुलीने तुझ्या सहीचा कागद पाठवला, खाली ठसठशीत 'मंजूर'. आमच्या धंद्यात यापुढे बोलायला जागा उरत नाही.

"आई-वडील लहानपणीच गेले. दूरच्या नात्यातल्या एका बाईने आसरा दिला. ती पितळी पाट्यांत लाख भरायची. बाकी जो काही आहे तो स्वतःच्या हातांनी घडलो."

वाचून मी पहिल्यांदा तुझं कौतुक केलं. दोन्ही बाजू सांभाळल्यास. ताईलाही गप्प केलंस आणि अनाथपणालाही ओरखडा नाही. एका बाईत आई बसवलीस आणि नातं तेवढं काढून घेतलंस. त्या नवऱ्याला हे सुचलं नव्हतं.

हे जसंच्या तसं कोरायचं की नाही, यावर मी बरेच दिवस काढले. मी माझा दीड परिच्छेद कोरू शकले असते. तिला कळलं नसतं. मी तुझाच कोरला. दुकानाची पद्धत म्हणून कोरला की तिला एकदाचं कळावं म्हणून, हे मला अजून नीट सांगता येत नाही. राग होता. तुझ्यावर होताच, थोडा तिच्यावरही होता. माझी एक ओळ तिला खोटी वाटली होती.

लाख भरायच्या आधी पाटी तिच्या मांडीवर ठेवली. तिने पदराला हात पुसले, जसे ती आरशासमोर जायच्या आधी पूर्वी पुसायची. बोट डावीकडून लावलं.

"आई-वडील," ती मोठ्याने म्हणाली आणि हसली. "बघ, सुरुवातच केलीय."

बोट पुढे गेलं. थांबलं. मागे आलं. पुन्हा गेलं.

"ताई, कोरताना हात हलला का तुझा?"

"नाही."

"मग माझी बोटं गेली." ती हे इतकं शांतपणे म्हणाली, जसं दूध संपलं म्हणावं. "डोळे गेले, आता बोटंही गेली म्हणायची. तो तुझा वकील कुठाय?"

मी वकिलाची पाटी दिली. तिने नाव वाचलं, सगळ्या पदव्या वाचल्या, भेटण्याची वेळ वाचली, 'आगाऊ सूचना देऊनच यावे' हेही वाचलं. कुठे अडखळली नाही. "शेवटची ओळ उथळ कोरलीस, लाख धरणार नाही," एवढं सांगून पाटी बाजूला ठेवली. मग तुझी पुन्हा मांडीवर घेतली आणि नुसता तळवा टेकवून बसली.

"म्हणजे बोटं ठीक आहेत."

"हो."

"आणि तू रोज वाचायचीस ते?"

"ते मी वाचायचे."

"तू लिहायचीस."

"हो."

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायला बघत होतं, ती होत नव्हती. आई तेवढं ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं लिहायचीस."

मला वाटलं, आता रडेल. मी पाणी आणायला उठले तर म्हणाली, "पाणी नको. शेगडी पेटव आणि लाख आण. कोरलेलं उघडं ठेवू नये, मळ बसतो."

तिने स्वतः भरली. पत्रा तापला, लाखेची कांडी फिरवली, 'आई-वडील लहानपणीच गेले' यातलं एक अक्षर रिकामं सोडलं नाही. मी नुसती चिमट्याने पाटी धरून उभी होते. घासून झाल्यावर तिने विचारलं, "ही आसरा देणारी बाई मीच ना?"

"हो."

"आसरा दिला लिहिलंय. खोटं नाही लिहिलेलं. आसरा दिलाच होता."

पाटी दुकानात भिंतीला उभी आहे. तुला पाठवू का, ते कळव. दोन खिळ्यांची भोकं ठेवली आहेत.

ताई


३० ऑगस्ट

ठोक्या,

तुझ्यावर फिल्म बनवणारी माणसं येऊन गेली. तू आम्हाला सांगितलं नव्हतंस, बहुतेक त्यांनी तुलाही सांगितलं नसावं. पानावरची लाख भरणारी बाई त्यांना हवी होती. पितळी पाट्यांची दुकानं आता उरलीत किती? शोधत शोधत ते थेट आपल्या दारात. तू आमची सोय लावायला ती ओळ टाकलीस आणि तीच पत्ता झाली.

एक तरुण बाई, एक कॅमेरावाला आणि एक जण नुसता दिवा धरायला. बाईने विचारलं, "सरांना आसरा देणाऱ्या आजी इथेच राहतात का?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते देव जाणे. आई स्टुलावरून म्हणाली, "मीच ती. ताई, खुर्च्या पूस, पितळेचा कीस असेल."

दिवा लागला. तिला दिसत नाही, पण ऊब लागली असावी, तिने चेहरा तिकडे वळवला.

"सर तुमच्याकडे आले तेव्हा केवढे होते?"

"कमरेएवढा होता."

"रडायचे?"

"ठोकायचा. हातोडी घेऊन पत्र्यावर ठोकत बसायचा, म्हणून आम्ही ठोक्या म्हणायचो. आई नसलेलं मूल, काहीतरी ठोकणारच."

"त्यांची आई कशी होती हो?"

मी वकिलाच्या पाटीची कड घासत होते. कानस थांबली. मला वाटलं, आता. आता हिला धाप लागेल, ही बोलून जाईल, आणि होऊ दे एकदाचं.

आई म्हणाली, "देखणी होती. माझ्यासारखी काळी नव्हती. केस इथपर्यंत. आवाज इतका गोड की हाक मारली तरी गाणं वाटावं. हात स्वच्छ, लाखेचा डाग नाही. पुस्तक वाचत पोराला थोपटायची." मग तिने भर घातली, "गेली तेव्हा पोराचं बोट तिच्या मुठीत होतं. सोडवावं लागलं. मीच सोडवलं."

त्या बाईने डोळे टिपले. दिवा धरणाऱ्याचा हात खाली आला, त्याला कॅमेरावाल्याने कोपराने ढोसलं.

"आणि या कोण?" माझ्याकडे बघून तिने विचारलं.

"ही माझी मुलगी. त्याची कोणी नाही."

"आईचा एखादा फोटो?"

"आमच्याकडे कुठले फोटो. पाट्या होत्या फक्त."

ते गेले. मी दार लोटलं. आई भिंतीला टेकून हळू आवाजात म्हणाली, "ताई, जमलं का गं?"

"काय?"

"मेलेली जमले का मी?"

"फार छान मेलीस," मी म्हटलं. ती हसली, हसता हसता खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबेना.

मग मी भांडले. म्हटलं, कशाला? काय गरज होती? तर म्हणते, "त्याच्या धंद्याचा प्रश्न आहे. आपण लाख भरताना गिऱ्हाइकाला विचारतो का, तू खरंच एवढा शिकलास का म्हणून?" वकिलाची पाटी हातात होती.

तुझ्या कार्यशाळेत हिला बसव. शिकायला नाही, शिकवायला. स्वतःची गोष्ट सांगायला तू शिकवतोस, स्वतःला त्यातून उचलून बाहेर कसं ठेवायचं ते ती शिकवेल.

ताई


१७ सप्टेंबर

ठोक्या,

आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. पाय सुजलेत, श्वास अर्ध्यावर अडतो. मोठी खोली आहे, ओळीने खाटा, मध्ये हिरवे पडदे. तिची खाट खिडकीशी आहे. खिडकीबाहेर कपडे वाळत घातलेत, तेवढंच दिसतं. मलाच दिसतं.

तिने धरलेलं सोडलेलं नाही. नर्सने विचारलं, "मुलं किती, आजी?" म्हणाली, "एक. ही." मी एकटी असताना विषय काढला तरी 'ठोक्या' म्हणत नाही, 'तो मुलगा' म्हणते. "त्या मुलाचं पुस्तक आलं का?" मी म्हटलं, इथे कोणी ऐकत नाही, नीट बोल. तर पडद्याकडे मान वळवून कुजबुजली, "पडद्याला दार नसतं."

शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला मुलगा येतो. रोज येतो, रोज भांडतो. सफरचंद का खाल्लं नाहीस, औषध का थुंकलंस. तो आला की आई बोलणं थांबवते आणि तो जाईपर्यंत कान तिकडे. परवा तो आला नाही तर मला म्हणाली, "त्या पोराला बरं नाही का, विचार."

म्हणून ही शेवटची विनंती, आणि ती पानाविषयी नाही. पान राहू दे तसंच. तू ये. मुलगा म्हणून येऊ नकोस. लांबचा नातेवाईक म्हणून ये. ज्या बाईने आसरा दिला तिला बघायला मोठा माणूस आला, यात तुझं काही बिघडत नाही, उलट शोभतं. वाटलं तर कॅमेरा घेऊन ये. मी तुला 'अहो' म्हणेन, बाजूला उभी राहीन. तू फक्त खुर्ची ओढून बस आणि काहीतरी ठोक. खाटेच्या लोखंडावर बोटं वाजव. ती ओळखेल आणि कोणाला सांगणार नाही.

भेटायची वेळ दुपारची आहे. डॉक्टर म्हणतात लवकर बोलवा. कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही.

ताई


६ ऑक्टोबर

ठोक्या,

तुझा पुष्पगुच्छ पोचला. सोबत कार्ड होतं, "आमच्या गोष्टीचा एक भाग झाल्याबद्दल मनःपूर्वक आभार." त्या मुलीने पाठवलं असणार, तू दौऱ्यावर होतास असं तिने फोनवर सांगितलं. नर्सने फुलं आत येऊ दिली नाहीत, श्वासाच्या पेशंटना चालत नाहीत. शेजारच्या बाईच्या मुलाने ती बाहेर बाकावर नेऊन ठेवली.

त्याच दिवशी तुझं पान पुन्हा बदललेलं दिसलं. फिल्मही लागली म्हणे. आई जागी होती. म्हणाली, "त्या मुलाने काही नवीन लिहिलंय का?"

मी वाचलं. या वेळी माझ्या पदरचं काहीही न घालता, तुझं जसंच्या तसं.

"माझ्या आईचे केस लांब होते. तिचा आवाज इतका गोड होता की हाकसुद्धा गाणं वाटायची. पुस्तक वाचता वाचता ती मला थोपटायची. ती गेली तेव्हा माझं बोट तिच्या मुठीत होतं. ते सोडवावं लागलं."

आई डोळे मिटून ऐकत होती. तिच्या बाबतीत डोळे मिटले काय, उघडे ठेवले काय. पण मिटले होते.

"हे तू घातलंस?"

"नाही. शब्दन् शब्द त्याचा आहे."

"त्याचा कुठला," ती म्हणाली. "माझा आहे." आणि थोड्या वेळाने, "आई आली ना शेवटी पानावर. परत वाच."

मी परत वाचलं. तिने आणखी एकदा वाचायला लावलं. शेजारच्या बाईलाही ऐकायला बोलावलं. ती बाई म्हणाली, "काय नशीबवान आई असेल हो." आई म्हणाली, "होती. मी पाहिलीय ना."

ती परवा दुपारी गेली. मी औषधाच्या दुकानाच्या रांगेत होते. वर आले तेव्हा नर्स पडदा ओढत होती. तिची मूठ उघडी होती, तीत कोणाचं बोट नव्हतं, त्यामुळे सोडवायला काही लागलं नाही.

सगळं उरकलं. पेपरात बातमी दिली नाही, नातेवाइकांना फोन केले नाहीत. तिने आधीच बजावून ठेवलं होतं : त्याची आई एकदा गेलेली आहे, पुन्हा गेली तर लोक त्याला काय काय विचारतील. दुकान उद्यापासून उघडते आहे. लाख आता मीच भरेन, येते मला, हात तिच्याइतका बसलेला नाही एवढंच.

तुला पत्र ऑफिसात मिळेल, बाजूला माणसं असतील. रडू आलं तर दार लावून घे. दूरच्या नात्यातल्या बाईसाठी इतकं कोणी रडत नाही.

ताई